जाळीतलं लांबडं

आपल्या भाषेत मास्तर फार. छडी धरली की मास्तर, टपालावर शिक्का मारला की मास्तर, बँडपुढे काठी हलवली की मास्तर, आणि गळ्यात टेप अडकवली की तोही मास्तरच. त्यामुळे कुणी नुसतं 'मास्तरांना बोलवा' म्हटलं, की नेमके कुठले मास्तर येतील ते ऐकणाऱ्याच्या कानावर अवलंबून. आणि कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या आबांचे कान तर आबांच्याही आधी निवृत्त झाले होते.

त्या सकाळी शिंपी मास्तरांच्या दुकानातला फोन वाजला तेव्हा मास्तर उजवा हात इस्त्रीच्या टेबलावर दाबून धरून बसले होते. हात कशावर तरी टेकवलेला असला की थरथरत नसे. थरथरलाच तर निदान दिसत तरी नसे. त्यांनी डाव्या हाताने फोन उचलला.

"मास्तर ना?" पलीकडून आबा ओरडले. आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे जगालाच येत नसणार, असं ते धरून चालत. "लगेच निघा. लांबडं जाळीत अडकलंय. चांगलं पुरुषभर आहे. ओढायला जावं तर आणखी गुंततंय. सूनबाई म्हणते मास्तरच हवेत. आणि येताना कात्री आणा."

मास्तर काही विचारणार तोवर आबांनी फोन ठेवूनही दिला.

आता, 'लांबडं' म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. जुनी माणसं सापाचं नाव तोंडाने घेत नाहीत. 'जनावर' म्हणतात, नाहीतर 'लांबडं' म्हणतात. एरवी मास्तरांच्याही ते लगेच ध्यानात आलं असतं. पण चोराच्या मनात चांदणं. त्याच बंगल्यातल्या दिवाणखान्याला मास्तरांनी नुकतेच जाळीचे पडदे शिवून दिले होते, आणि ते पडदे खालून सरळ नव्हते. एका टोकाला जमिनीला टेकत होते, दुसऱ्या टोकाला वीतभर वर चढले होते. मास्तरांच्या डोक्यात दिवसरात्र तेच पडदे लोंबत असल्यामुळे लांबडं झालंय ते जाळीचं कापड, आणि आता ते खिडकीत कुठेतरी अडकून फाटणार, असंच त्यांना वाटलं.

लाकडी पडदीच्या पलीकडे दुसऱ्या मशीनवर त्यांची बायको काज-बटणाचं काम करत होती. गावभर तिला मास्तरीणबाई म्हणत. तिने मशीन थांबवून कुणाचा फोन म्हणून विचारलं. बंगल्यातल्या आबांचा, पडद्याचं काहीतरी आहे, जाऊन येतो, असं मास्तर शक्य तितक्या सहज म्हणाले. ते ऐकून ती उठलीच. पडदे उसवायचे असतील तर ते काम तिचंच, म्हणाली. मास्तरांनी दुकान उघडं राहील म्हणून पाहिलं, ऊन वाढतंय म्हणून पाहिलं, तुझे गुडघे दुखतात म्हणूनही पाहिलं. तिने दुकानाला कुलूप लावलं, टाके उसवायचं हत्यार पिशवीत टाकलं आणि ती पुढे चालूही लागली.

मास्तरांच्या पाचावर धारण बसली ती का, हे सांगायला थोडं मागे जावं लागेल.

मास्तरांचा हात थरथरायला लागून बरेच महिने झाले होते. सुरुवात खडूपासून झाली. कापडावर मारलेली रेघ मध्येच शहारल्यासारखी हले. मग सुईत दोरा जाईना. मग मोठी कात्रीही ऐकेनाशी झाली. आणि हे मास्तर कोण, तर खडूची रेघ न मारता नुसत्या नजरेने कोटाचा गळा कापणारे. लोक शेजारच्या गावांतून त्यांच्याकडे कापड घेऊन येत ते त्या हातासाठी. डॉक्टरकडे जायची त्यांना भीती होती. डॉक्टरकडे गेलं की दुखण्याला नाव मिळतं, आणि एकदा नाव मिळालं की दुखणं मुक्कामाला येतं, असा त्यांचा हिशेब. म्हणून ते बायको दुकानात यायच्या आत कापून ठेवू लागले. चहाचा कप टेबलावर ठेवूनच तोंड खाली नेऊन पिऊ लागले. चारचौघांत उजवा हात खिशात.

हे एवढंच असतं तरी चाललं असतं. पण वाकडं कापलेलं कापड गिऱ्हाइकाच्या अंगावर बोलतंच. तेव्हा मास्तरांनी घरात बायकोला सांगितलं, की तुझी शिलाई हल्ली ओढते, त्यामुळे कापड तिरकं जातं. आणि बाहेर गिऱ्हाइकाला सांगितलं, की हे हिने कापलंय. एकाच वाकड्या कापडाचं खापर त्यांनी बायकोच्या डोक्यावर दोनदा फोडलं, आणि दोन्ही वेळा ते तिथे बसलं. बंगल्यातल्या सूनबाईंनी पडद्यांच्या कडा दाखवल्या तेव्हाही ते हसत म्हणाले होते, "आमच्या हिचा हात जरा वाकडा चालतो ताई, सांभाळून घ्या." सूनबाई मनाची चांगली. काकूंना काही बोलू नका हं, म्हणाली आणि पडदे तसेच लावून घेतले.

आता ती सूनबाई आणि ही मास्तरीणबाई एका खोलीत, त्याच पडद्यांसमोर उभ्या राहणार होत्या. एक शब्द इकडचा तिकडे झाला की संपलं. रस्ताभर मास्तर देवाला नाही, त्या पडद्यांना विनवत होते.

फाटकाशी आबा वाटच बघत होते. मास्तर सवयीने पुढच्या दाराकडे वळले, तर आबांनी त्यांचा दंड धरून त्यांना घराला वळसा घालून मागच्या बागेत नेलं. पडदे तर आत आहेत ना, असं मास्तरांनी दोनदा विचारलं. आबांनी दोन्ही वेळा मान डोलावली आणि चालत राहिले.

मागे घेवड्याचा वाफा होता. पाखरांनी शेंगा टोचू नयेत म्हणून त्यावर हिरवी नायलॉनची जाळी ताणली होती. जाळीच्या खालच्या कोपऱ्याचा गुंता झाला होता आणि त्या गुंत्यात मनगटाएवढं जाड, मातकट पिवळं काहीतरी पिळून पडलं होतं. मास्तरांना आधी पाण्याचा पाइप वाटला. मग त्या पाइपाने जीभ बाहेर काढली.

मास्तर दोन पावलं मागे सरले. पडद्यांची भीती एका क्षणात कुठल्या कुठे गेली आणि तिच्या जागी चांगली धट्टीकट्टी, जुनी, लहानपणापासूनची भीती येऊन बसली. मागे मास्तरीणबाईने त्यांचा सदरा पाठीकडून घट्ट धरला.

सूनबाई फोन कानाला लावून चार पावलं लांब उभी होती. तिने या दोघांना पाहिलं, मग आबांना पाहिलं, आणि कपाळावर हात मारून घेतला. तिला हवे होते ते शाळेचे मास्तर. गावात साप निघाला की तेच पकडून नेत. आबांना तिची कटकट समजेना. तू मास्तर म्हणालीस, मी मास्तर आणले, असं त्यांचं म्हणणं. शिवाय कात्री घेऊन यायला सांग, म्हणालीस. आता कात्री कुठल्या मास्तरांकडे असते ते तूच सांग. सूनबाईने पुन्हा फोन लावला.

शाळेचे मास्तर अखेर फोनवर सापडले, पण ते होते दुसऱ्या गावी, मुलीकडे. संध्याकाळशिवाय पोचणं शक्य नव्हतं. सूनबाईने फोटो काढून पाठवला आणि फोनचा आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा मोठा केला. शाळेच्या मास्तरांचा आवाज वर्गात येई तसाच सावकाश आला. ही धामण. विष नाही. पण चावेल, आणि चावली तर रक्त काढेल. भीती तिला तुमच्यापेक्षा जास्त वाटते आहे. जाळीचे धागे खवल्यांखाली शिरलेत आणि मानेशी आवळलेत. ती जितकी हलेल तितके ते आत रुततील. ऊन तापायच्या आत सोडवली नाही तर मरेल. ओढायचं अजिबात नाही. एकेक धागा कापायचा.

"कोण कोण आहे तिथे?" त्यांनी विचारलं.

शिंपी मास्तर आलेत, असं सूनबाईने सांगितलं.

"मग काळजीच मिटली," फोन म्हणाला. "मी असतो तरी त्यांनाच बोलावलं असतं. तो हात सोडून हे काम दुसऱ्याचं नव्हे."

शिंपी मास्तरांनी तो हात खिशात आणखी खोल सारला. नको म्हणायची एक संधी होती. मला सापाची भीती वाटते, एवढं म्हटलं असतं तरी कुणी हसलं नसतं. पण जन्मभर ज्या कौतुकावर पोट भरलं ते कौतुक समोरून चालत आलं की माणसाला नाही म्हणता येत नाही. ते म्हणाले, बघतो.

एकाने धरायचं आणि एकाने कापायचं होतं. सूनबाईकडून धरवेना. ती कबूल करून मोकळी झाली, की मला नुसतं बघूनही मळमळतंय. आबा बाह्या सरसावून तयार होते, पण त्यांच्या मुठीत आता भाजीची जुडीही राहत नसे. मास्तरीणबाईने पदर खोचला. ओठ पांढरे पडले होते तिचे. ओला टॉवेल घेऊन ती वाकली आणि फोनवरच्या आवाजाने सांगितलं तसा तो हलकेच सापाच्या डोक्यावर टाकून डोळे झाकले. मग टॉवेलवरूनच डोक्याच्या मागे मान चिमटीत धरली. आवळायचं नाही, फक्त सुटू द्यायचं नाही, असं आवाज बजावत होता. धामणीने शेपूट एकदा जमिनीवर आपटलं. मग ती गप्प पडून राहिली. सगळं अंग तेवढं आत-बाहेर होत होतं.

मास्तर गुडघ्यांवर बसले. खिशातून हात काढला. दुकानातून आणलेला धागे कापायचा छोटा कटर उजव्या हातात धरला आणि डाव्या हाताने मनगट आवळलं, जणू काम नाजूक आहे म्हणून. पहिला धागा पाठीवरचा होता, सुटा. तो तुटला. दुसराही तुटला. मास्तरांना वाटलं, निभतंय. सूनबाईने वा म्हटलं.

तिसरा धागा खवल्यांत रुतला होता. त्याच्याखाली कटरचं टोक घालायचं होतं. मास्तरांनी श्वास धरला. श्वास धरला की हात जास्तच थरथरतो हे त्यांना ठाऊक होतं, तरी धरला. टोक धाग्याच्या अलीकडे गेलं, पलीकडे गेलं, पुन्हा अलीकडे आलं. धागा काही सापडेना. मग ते एकदम घसरलं. धामण सगळ्या अंगाने ताठ झाली आणि तिच्या पिवळ्या कातडीवर रक्ताचा एक थेंब आला.

"काय झालं?" फोनने विचारलं. "हलतेय का ती?"

"हलतेय," मास्तर म्हणाले.

मास्तरीणबाईने धामणीकडे पाहिलं. तिच्याच तर हातात होती ती. धामण हलत नव्हती. मग तिने कटरकडे पाहिलं. मास्तरांनी तो पटकन खाली केला, पण खाली केलेलाही तो उन्हात लुकलुकत राहिला. मग म्हणाली, "तुम्ही धरा. मी कापते. उसवायचं हत्यार आणलंय मी, त्याच्या टोकाला मणी असतो, टोचत नाही ते."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. असं झालं असतं तर सगळंच निभावलं असतं. सापही वाचला असता आणि अब्रूही. पण मध्ये सूनबाई बोलली. बिचारी घाबरली होती, रक्त दिसलं होतं, आणि तिच्या मनात वाईट काहीच नव्हतं.

"नको काकू. राग मानू नका," ती म्हणाली. "पण तुमचा हात जरा वाकडा चालतो ना. मास्तरच म्हणाले होते. पडद्यांचं ठीक आहे हो, पण हा जीव आहे. मास्तरांनाच करू दे."

मास्तरीणबाईची मान सूनबाईकडे वळली, मग हळूहळू नवऱ्याकडे. पडदे तिने कापलेच नव्हते. किती दिवसांत कात्री हातात घेतली नव्हती तिने. आपल्याला माहीत नसलेली एक आपली गोष्ट गावात फिरते आहे हे तिला आत्ता, साप हातात असताना कळत होतं.

"थांबलात का?" फोन विचारत होता. "थांबू नका. तोंड उघडंय का तिचं? तोंड उघडून श्वास घ्यायला लागली असेल तर वेळ थोडा आहे."

टॉवेलखालून तोंड दिसत होतं. ते उघडं होतं.

मास्तरांना अजूनही गप्प बसता आलं असतं. हात पुन्हा चालवून बघता आला असता. धागा सापडला असता, नाहीतर नसता. साप मेला असता तर साप हलला असंच सगळे म्हणाले असते, आणि दुकानातल्या मोठ्या कात्रीवर उद्या त्यांचाच हात राहिला असता. हे सगळं त्यांनी मनात मोजलं. मोजत असताना ते त्या उघड्या तोंडाकडे बघत होते. आतून ते फिकट गुलाबी होतं, आणि त्यातून आवाज अजिबात येत नव्हता.

"ताई, पडदे हिने नाही कापले," ते म्हणाले. "मी कापले. माझा हात थरथरतो."

सूनबाई बघत राहिली. मास्तरीणबाईने मान खाली घातली आणि टॉवेलवरची पकड तेवढी नीट केली. आबांनी कानामागे पंजा धरला.

"काय म्हणाले?"

सूनबाईने नजर दुसरीकडे वळवली. हे आपल्यालाच पुन्हा सांगावं लागणार, आणि तेही मोठ्याने, हे मास्तरांना समजलं.

"माझा हात थरथरतो, आबा!" ते ओरडले. कुंपणापलीकडे कुणीतरी कपडे वाळत घालत होतं, त्या बाईनेही वळून पाहिलं. "पडदे मी वाकडे कापले आणि हिचं नाव सांगितलं!"

"अस्सं," आबा म्हणाले. त्यांना एवढंच हवं होतं.

मग तोच वर्गातला आवाज आला. "मग तुम्ही धरायला बसा. धरायला थरथर आड येत नाही. बाईंना कापू द्या. लवकर."

त्यांनी जागा बदलल्या. मास्तरांनी टॉवेलवरून मान धरली तेव्हा बायकोची बोटं त्यांच्या बोटांखालून निघून गेली. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. हातातलं अंग थंड असेल असं मास्तरांना वाटलं होतं, पण ते उन्हाने कोमट झालं होतं आणि आत काहीतरी धडधडत होतं. मास्तरांचा हात थरथरत होता. आता लपवायला जागाही नव्हती. थरथर टॉवेलमधून सापाच्या मानेत उतरत होती, आणि त्या मानेतली धडधड मास्तरांच्या बोटांत.

मास्तरीणबाईने उसवायचं हत्यार काढलं. त्याला पुढे दोन दाते, एक अणकुचीदार आणि दुसऱ्यावर लाल मणी, मधल्या बेचक्यात धार, म्हणजे शिलाई उसवताना कापडाला इजा होत नाही. मण्याचं टोक तिने धाग्याखाली खवल्यांच्या दिशेने सरकवलं, शेपटीकडून डोक्याकडे नाही, डोक्याकडून शेपटीकडे. फोनने तसंच सांगितलं होतं. धागा उचलला. टक्. पुढचा उचलला. टक्. तिचा हात घाई करत नव्हता आणि थांबतही नव्हता. चूक झालेली शिलाई आयुष्यभर उसवत आलेला हात तो. त्यातल्या कितीतरी चुका तिच्या नव्हत्या, हे मास्तरांना ठाऊक होतं.

मागचं अंग मोकळं झालं तशी धामणीला ताकद आली. तिने मास्तरांच्या हाताला एक वेढा घातला, मग दुसरा, आणि आवळलं. कसलातरी उग्र वास सुटला. आता चावणार, आता सुटणार, असं दर क्षणाला वाटत होतं. बोटं सुन्न होत होती.

"सुटतेय," ते म्हणाले. "अगं, सुटतेय माझ्या हातातून. फार थरथरतोय."

"थरथरू दे," ती म्हणाली. "सोडू नका."

शेवटचा धागा जबड्याच्या कोपऱ्यात होता. टॉवेल बोटभर मागे सारावा लागला. डोळा दिसला, गोल आणि न मिटणारा. मास्तरीणबाईने मण्याचं टोक त्या डोळ्याच्या अगदी खालून नेलं. सूनबाईने तोंड फिरवलं. टक्. जाळीचा गोळा सुटून खाली पडला.

मग उशीचा अभ्रा आणला गेला. तो उलटा करून मास्तरीणबाईने आपल्या हातावर चढवला, मास्तरांच्या हातावरचे वेढे हळूहळू सोडवत शेपूट आधी आत घातलं, आणि मास्तरांनी मान सोडताच अभ्र्याचं तोंड पिळून घेतलं. गाठ मास्तरांनीच मारली. घाबरून मारलेली गाठ, चांगली करकचून. फोन आता शेवटचं सांगत होता. जखमेला काही लावू नका, तिची ती भरून येईल. लांब नेऊ नका. लोकांना वाटतं लांब नेलं की चांगलं, पण अनोळखी जागी तिला बीळ सापडत नाही, पाणी सापडत नाही आणि ती मरते. घरामागच्या ओढ्याशी झुडपं आहेत तिथे सोडा. आणि ती जाळी आजच्या आज काढा. आबा लगेच पाखरांचं काय म्हणून भांडायला लागले. सूनबाई मास्तरीणबाईजवळ गेली आणि नुसतंच काकू म्हणाली.

ओढ्याकडे दोघंच गेली. अभ्रा मास्तरांच्या हातात होता. ती पुढे, ते मागे. एरवी रस्त्याने तिचं तोंड सुरू असे, भाजी कुठे स्वस्त, कुणाच्या मापात किती फरक. आज ती वळूनही न बघता चालत होती. मास्तरांना अभ्र्यातल्या सापाची आता मुळीच भीती वाटत नव्हती. पुढे चाललेल्या त्या पाठीची वाटत होती.

झुडपांशी सावलीत त्यांनी अभ्रा खाली ठेवला आणि गाठ सोडायला वाकले. गाठ सुटेना. नख गाठीत जाई आणि हात त्याला बाहेर काढी. बायको बाजूला उभी होती. ती बघत होती आणि मदत करत नव्हती. मास्तरांनी दातांनी ओढायचाही विचार केला, मग आत काय आहे ते आठवलं.

"सोडतेस का?" ते शेवटी म्हणाले. "मला जमत नाही."

हे वाक्य त्यांनी तिला आजवर कधी म्हटलं नव्हतं. ती खाली बसली, गाठ सोडली आणि अभ्र्याचं तोंड झुडपाकडे करून मागे सरली.

काही बाहेर आलं नाही. मास्तरांना वाटलं, मेली. त्या एका थेंबाने मेली, किंवा आपण मान जास्त आवळली. कापड निपचित पडून होतं. दोघं उभी राहिली, आणि जरा वेळाने मास्तरांच्या लक्षात आलं, की आपण मनातल्या मनात चल, चल म्हणतो आहोत. मग कापडाला एक सुरकुती पडली. तोंड बाहेर आलं, जीभ आली, आणि मग ते सगळं पुरुषभर लांबडं एकाच ओघात गवतात शिरलं. गवत थोडं हललं, मग नाही.

"वाचली," मास्तर म्हणाले. डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या. "मी चुकलो गं."

"ते ऐकलं सगळ्यांनी," ती म्हणाली. तिने अभ्रा उचलला, झटकला आणि घडी घालू लागली. कडेला कड नेमकी जुळवून, नेहमीसारखी. घडी झाली तरी ती तिथेच उभी राहिली.

"लोकांना काय सांगितलंत त्याचं सोडा," ती म्हणाली. "मला म्हणालात, तुझी शिलाई ओढते. तुम्ही दुपारी पडलात की मी चिंध्यांवर सरळ शिलाया मारून बघायचे. रोज. आणि पट्टी लावून बघायचे. सरळच असायच्या हो. तरी मला वाटायचं, पट्टीच चुकत असेल. तुम्ही कशाला खोटं बोलाल?"